ठक, टिक आणि खळखळ

या वेळी अकरा पत्रं आली, त्यातली सात इंजिनाच्या आवाजाची. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला हे होतंच. चार महिने कौलांवर पाऊस वाजतो, हेल्मेटवर पाऊस वाजतो, त्यात गाडीचं काय वाजतंय ते कोण ऐकतो? खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, रस्ता वाळला, की एकदम ऐकू येतं आणि माणूस घाबरतो. आवाज बहुतेकदा जूनपासूनचाच असतो.

एक विनंती. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवू नका. फोन बारीक आवाज वर उचलतो आणि जड आवाज दाबून टाकतो. व्हॉल्व्हवरच्या टॅपेटची साधी टिकटिक त्यात घणासारखी वाजते आणि खरोखर रॉड वाजत असला तर पत्ताच लागत नाही. त्यापेक्षा लिहा. गाडी गार असताना आवाज जास्त की तापल्यावर? जागेवर येतो की चालताना? क्लच दाबल्यावर फरक पडतो का? रेस सोडली की काय होतं? आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत गाडीला कोणाचा हात लागलाय का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी लिहीत नाही.

प्रश्न : मेस्त्री, माझी शंभर सीसीची गाडी आहे, २०१५ ची. ७१ हजार किलोमीटर झालेत. हर्णै बंदरावर लिलाव झाला की दोन क्रेट मासळी मागे बांधून दापोलीला आणतो. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, गाडी बाहेर काढली आणि पंधरा दिवसांत इंजिनात ठक ठक सुरू झालं. एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटं ऐकलं आणि रॉड गेला म्हणाला. इंजिन उतरवायचं, रॉड किट, ब्लॉक-पिस्टन, बारा हजार आणि आठ दिवस. ऐन हंगामात आठ दिवस गाडी ठेवली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. काय करू?
— एक मासेविक्रेते, हर्णै

उत्तर : दादा, तुमचं पत्र आल्यावर मी तुम्हाला उलट प्रश्न विचारले आणि शेवटी तुम्ही गाडी घेऊनच आलात. काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सगळं क्रमाने लिहितो, कारण ‘रॉड गेला’ हे वाक्य आमच्या धंद्यात फार स्वस्त झालंय.

आधी रॉड खरोखर जातो म्हणजे काय होतं ते सांगतो. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा तो कनेक्टिंग रॉड. त्याचं मोठं टोक क्रँकच्या पिनवर बसतं, मध्ये रोलर असतात. ऑइल कमी पडलं किंवा काळं होऊन पाण्यासारखं पातळ झालं की पिन आणि रोलर झिजतात, मध्ये फट पडते. मग पिस्टनवर जोर आला की ती फट प्रत्येक वेळी आपटून भरते. आवाज जड असतो, लाकडी दारावर मुठीने ठोकावं तसा. गाडी गार असताना ऑइल जाड असतं, ते थोडं झेलून घेतं. तापल्यावर आवाज वाढतो. चढाला वाढतो, ओझं असताना वाढतो.

आता तुमची उत्तरं. जागेवर, स्लोला आवाज सगळ्यात मोठा. हळूहळू रेस दिली आणि एका वेगावर धरली की जवळजवळ बंद. रेस सोडली की पुन्हा ठकठक. आणि आसूदचा चढ दोन क्रेट घेऊन चढताना? तुम्ही लिहिलंत, ‘चढाला काही नसतं, दापोलीत येऊन गाडी स्लोला लावली की सुरू.’ हे वाचलं आणि मी चहा खाली ठेवला. रॉड गेलेली गाडी आसूदच्या चढाला गप्प बसत नाही. तिथेच ती सगळ्यात जास्त बोंबलते.

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, की हल्ली किक कधी कधी उलटी मारते. आणि तिसरी मी विचारल्यावर सांगितलीत. बंदीच्या काळात हेडलाइट मंद झाला होता म्हणून कोणाकडून तरी कॉइल बदलून घेतली होती. कॉइल मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकबरोबर फिरून वीज करणाऱ्या जड चाकाच्या, आत असते. म्हणजे मॅग्नेट उतरवलं होतं.

गाडी आली तेव्हा मी आधी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डॉक्टरच्या नळीसारखंच काम होतं. हेडवर टेकवलं, नुसती टॅपेटची नेहमीची टिकटिक. ब्लॉकवर स्वच्छ. उजव्या बाजूला क्लचच्या कव्हरवर लांबून आल्यासारखी ठकठक. डाव्या बाजूला मॅग्नेटच्या कव्हरवर टेकवलं आणि कानात कोणी हातोडी मारली असं झालं.

तरी मी लगेच कव्हर खोललं नाही, कारण तुमच्या डोक्यात रॉड बसला होता आणि तो आधी काढायला हवा होता. प्लग काढला. मागच्या माडाखालून एक ओला हीर, म्हणजे झावळीच्या पातीतली काडी, तोडून आणला. सुका नको, तो मोडतो, आणि प्लगचं भोक तिरकं असल्याने आत मोडला तर नसता उद्योग. तो भोकातून आत घालून पिस्टनवर अलगद टेकवला आणि पिस्टन निम्म्या वाटेवर आणला. अगदी वर किंवा अगदी खाली असताना ही परीक्षा चालत नाही, तिथे क्रँक हलला तरी पिस्टन जेमतेम हलतो. मग क्रँक थोडा पुढे, थोडा मागे. रॉडच्या टोकाला फट असेल तर क्रँक हलतो आणि हीर क्षणभर जागेवरच थांबतो, मग एकदम उडी मारतो. तुमच्याकडे हीर बोटाबरोबर हलत होता, केसाचाही उशीर नाही. मी हीर तुमच्याच हातात दिला होता, आठवतंय ना. तेव्हा कुठे तुमच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग कव्हर खोललं. मॅग्नेटचं नट हातानेच अर्धा आटा फिरलं. मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतं, त्या टोकाच्या खाचेत चंद्रकोरीएवढी एक चावी असते. पकड खरी त्या निमुळत्या टोकाची. चावी फक्त मॅग्नेट नेमकं कुठे बसावं ते ठरवते. नट सैल राहिलं की पकड सुटते आणि सगळा भार त्या बिचाऱ्या चावीवर येतो. पुलर लावून मॅग्नेट बाहेर काढलं तेव्हा चावी अर्धी कापली गेली होती. मॅग्नेट जागेवरून किंचित सरकलं, म्हणून ठिणगीची वेळ चुकली, म्हणून किक उलटी. स्लोला इंजिन एकेक ठोका देत चालतं, प्रत्येक ठोक्याला जड मॅग्नेट मागे-पुढे आपटतं. एकसारखी रेस मिळाली की ते एका बाजूला टेकून राहतं आणि आवाज जातो. सगळं जुळलं.

निमुळत्या टोकावर थोडे चट्टे पडले होते. व्हॉल्व्ह बसवायची पेस्ट लावून मॅग्नेट हातानेच फिरवत ते जुळवून घेतलं, पेट्रोलने धुतलं, पूर्ण कोरडं केलं. तिथे ऑइल किंवा ग्रीस लावायचं नाही, पुष्कळ जण हौसेने लावतात. नवी चावी टाकली आणि नट टॉर्क पान्याने कसलं. पान्यावर हातोडी मारून कसलेलं नट कसलेलं नसतं, नुसतं दमलेलं असतं. चावी पंचवीस रुपयांची, मजुरी मी काय घेतली ते तुम्हाला माहीत आहे. आणि हो, सुरमई चांगली होती.

एक मात्र तुमच्याकडून व्हायला हवं. क्रेटमधलं बर्फाचं पाणी, म्हणजे खारं पाणी, गळत गळत चेनवर आणि मागच्या चाकाच्या स्पोकवर पडतं. चेन लालभडक झालीय. क्रेटखाली पत्र्याचा नाहीतर रबराचा ट्रे बसवा आणि घरी गेल्यावर गोड्या पाण्याची एक बादली मारून चेनला ऑइल सोडा. पुढची ठकठक तिथून येणार आहे आणि तेव्हाही तुम्हाला कोणीतरी रॉडच सांगेल.

प्रश्न : मेस्त्रीनू, माझी गाडी फोंडा घाटात चढाक लागली की डब्यात चिल्लर घालून हालयल्यासारखो आवाज येता. मागे घरकारीण बसलेली आसली की जास्तच. सपाटीर काय नाय. पावसात गाडी दोन म्हयने मांगरात उभी होती, तेच्यानंतर सुरू झाला. सर्व्हिसिंग करून झाली तरी तसोच. काय करू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : पत्र होतं तसंच छापायला सांगितलं, कारण ‘डब्यात चिल्लर’ यापेक्षा नेमकं वर्णन मला पस्तीस वर्षांत जमलेलं नाही.

हा आवाज सुट्या भागाचा नाही, आगीचा आहे. सिलिंडरमध्ये प्लगने ठिणगी टाकली की आग एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. डोंगरावर वणवा सरकतो तशी, पण क्षणाच्या बारीकशा भागात. पुढचं पेट्रोल-हवेचं मिश्रण जर आधीच फार तापलेलं आणि दाबलेलं असेल, तर आग पोचायची वाट न बघता ते आपणहून पेट घेतं. एकदम भडका उडतो आणि त्या धक्क्याने सिलिंडरच्या भिंती, पिस्टन सगळं खणखणतं. तीच तुमची चिल्लर.

फोंड्याच्या घाटात का, सपाटीला का नाही? कारण घाटात तुम्ही गाडी टॉपमध्ये रेटता. लिहिलं नाहीत तरी मला माहीत आहे, सगळेच रेटतात, गिअर खाली टाकला की पेट्रोल जास्त जातं असं वाटतं म्हणून. इंजिन हळू फिरतंय, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, मागे माणूस बसलेलं: मिश्रणाला तापायला आणि दबायला पुरेपूर वेळ मिळतो. उद्या एक करा. चिल्लर वाजायला लागली की लगेच एक गिअर खाली टाका आणि ॲक्सिलरेटर थोडा सोडा. आवाज तिथल्या तिथे गेला तर निदान झालं.

पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट मांगराची आहे. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याची ओढ. पावसात मांगरात गाडी उभी, टाकी अर्धी, झाकणाचं रबर जुनं, रात्री टाकीच्या आतल्या पत्र्याला दव धरतं. थोडं पाणी इथेनॉल पोटात घेतं. ते जास्त झालं की दोघं हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पेट्रोलला अकाली पेटण्यापासून अडवायची ताकद, म्हणजे ज्याला ऑक्टेन म्हणतात, त्यातला बराच वाटा इथेनॉलचा असतो. ते खाली गेलं की वर राहिलं ते उतरलेलं पेट्रोल. म्हणून तुमच्यासारख्यांना आधी दोन दिवस गाडी धक्के देते, चोक मागते, आणि मग नीट सुरू झाल्यावर घाटात खळखळते.

टाकी पूर्ण रिकामी करा. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेऊन तासभर उभं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर दुसरा पुरावा नको. जुनं पेट्रोल दुसऱ्या कशात ‘संपवू’ नका. साधं पेट्रोल दीडशे सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना पुरतं. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल एक टाकी भरून बघायला हरकत नाही. आवाज गेला तर दोष आगीचा हे पक्कं होईल, पण जन्मभर तेच भरत बसू नका. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची सहनशक्ती आहे, गाडीची ताकद त्याने वाढत नाही.

एवढं करून आवाज राहिलाच तर प्लग काढून बघा. पांढराफटक असेल तर गाडी हवा जास्त घेतेय. प्लग तुमच्याच गाडीचा आहे ना, की दुकानात होता तो लावला? आणि हेडमध्ये कार्बनची खपली चढली असेल तर ती तापून निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगीच्या आधीच आग लावते. ते मात्र हेड खोलूनच खरवडावं लागतं. हे सगळं हसण्यावारी नेऊ नका, महिनोन्‌महिने खळखळलेल्या गाडीच्या पिस्टनला वरून भोक पडलेलं मी हातात घेऊन पाहिलंय.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. शाळेसाठी रोज धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून पुढे आठ किलोमीटर जाते. सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिनातून पोकळ टकटक येते. बोटीवर चढेपर्यंत कमी होते आणि दाभोळचा चढ चढेपर्यंत पूर्ण जाते. दुपारी परत येताना अजिबात नसते. ५४ हजार किलोमीटर झालेत. धोका आहे का?
— एक शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर : बाई, तुम्ही सगळ्या वाचकांत नेमकं लिहिलंत, त्यामुळे उत्तर लहान आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्यात फिरतो ती स्लीव्ह बिडाची. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. सकाळी गार पिस्टन स्लीव्हमध्ये किंचित ढिला असतो, वर-खाली जाताना कूस बदलतो आणि भिंतीवर आपटतो. तापला की फुगून नीट बसतो. ५४ हजारांना एवढं चालायचंच. धूर निळा नाही, ऑइल कमी होत नाही, तोवर काही करू नका. सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट जागेवर ठेवा, मग बोटीपर्यंत हळू न्या, गार इंजिनाला ताणू नका. आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. आवाज दाबायला कोणी जाड ऑइल सुचवेल, ते नको, गार सकाळी ते वरपर्यंत पोचायलाच वेळ लावतं.

ऑइल कमी व्हायला लागलं तर मात्र परत लिहा.

प्रश्न : मी मुंबईला असतो. गावी वापरायला चिपळूणला सेकंडहँड दीडशे सीसीची गाडी घेतली, २०१९ ची, फक्त १९ हजार किलोमीटर, एकदम चकाचक. तीन महिन्यांतच ब्लॉकमधून आवाज आणि ऑइल खाते. एवढ्या कमी किलोमीटरला असं कसं?
— एक चाकरमानी, मूळ गाव संगमेश्वर तालुका

उत्तर : चिपळूण आणि २०१९ हे दोन शब्द एकत्र वाचले आणि मला २२ जुलै २०२१ आठवला. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या त्याला गणती नाही. महिनाभर आमच्याकडे टेम्पो भरभरून येत होते. त्यातल्या पुष्कळ नीट खोलून, धुऊन, पुन्हा उभ्या केल्या गेल्या आणि आजही छान चालतात. काही मात्र पाणी ओसरल्याबरोबर मालकाने घाईने किक मारून सुरू करून पाहिल्या. तिथे घोटाळा झाला.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना बटण दाबलं किंवा अंगावर येऊन किक मारली, की वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि सगळा जोर रॉडवर जातो. रॉड केसाएवढा वाकतो. गाडी नंतर सुरू होते, पळतेसुद्धा. पण पिस्टन आता सरळ चालत नाही, एका अंगाला घासत चालतो. ब्लॉक एकाच बाजूने झिजतो, रिंगा तिरक्या बसतात, ऑइल वर येतं, ठकठक सुरू होते. १९ हजार किलोमीटर हा आकडा खराही असेल, गाडी म्हातारी झालेली नाही, तिचं हाड मोडून तसंच जुळलंय.

खात्री करायला इंजिन खोलायच्या आधी चार जागा बघा. हेडलाइटच्या आत, काचेच्या खालच्या काठाला चिखलाची पुसट रेघ. सीटखाली वायरिंगच्या सॉकेटात सुकलेली माती. एअर फिल्टरच्या डब्याचा कोपरा. आणि मीटरच्या आतली बाजू. बाहेरून पॉलिश मारता येतं, पण वायरिंगच्या सॉकेटातला गाळ काढायची तसदी विकणारा सहसा घेत नाही. तिथे बारीक, राखाडी, गुळगुळीत गाळ सापडला तर समजा. आपल्याकडच्या रस्त्याची धूळ जांभ्याची, तांबडी असते. नदीचा गाळ वेगळा दिसतो.

गाळ सापडला तर ब्लॉक उतरवावाच लागेल. नुसता नवा ब्लॉक-पिस्टन घालून भागवू नका, वाकलेला रॉड नवा ब्लॉकही वर्षभरात खाईल. क्रँक बाहेर काढून तो सरळ आहे का ते लेथवाल्याकडून मापून घ्या. विकणाऱ्याशी भांडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल, मधे दोन मालक झाले असतील.

पुढच्या पावसासाठी सगळ्यांनाच सांगतो. गाडी बुडाली तर पहिलं काम, किल्ली लावायचीच नाही. प्लग काढा, मग किक हाताने हळू दाबून पाणी बाहेर फेकू द्या. ऑइल उघडून बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. नवं घाला, थोडी चालवा, पुन्हा बदला.

प्रश्न : पावसानंतर उतारावर पुढच्या बाजूने खडखड येते. चढाला, सपाटीला नाही. ब्रेक मारला की बदलते.
— एक वाचक, मंडणगड

उत्तर : इंजिन नाही. लेगगार्डचा क्लँप, सायलेन्सरचं पुढचं नट किंवा इंजिनाचा फाउंडेशन बोल्ट. एकेक हाताने धरून हलवा. खाऱ्या हवेत ही नटं बाहेरून घट्ट दिसतात आणि आतून गंजाने खाल्लेली असतात. सायलेन्सरचा स्टड जोर लावून फिरवू नका, हेडमध्येच तुटेल. रात्रभर रॉकेल किंवा पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवा.

प्रश्न : सर, मी कृषी विद्यापीठात शिकतो. माझ्या गाडीचे टॅपेट वाजत होते. व्हिडिओ बघून मीच टाइट केले. आवाज पूर्ण गेला, गाडी एकदम सायलेंट झाली. पण आता तापल्यावर बंद केली तर परत सुरू होत नाही, पिकअप पण गेलाय. टॅपेट तर बरोबर झालेत ना? मग दुसरं काय असेल?
— एक विद्यार्थी, दापोली

उत्तर : दुसरं काही नाही रे, तेच आहे.

टॅपेटची फट म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामधली जागा. लहान एअरकूल्ड गाड्यांत ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा तुझ्या गाडीच्या पुस्तकात आहे आणि सायलेन्सरकडच्या व्हॉल्व्हची फट कधी कधी जास्त सांगितलेली असते. ही फट मुद्दाम ठेवलेली आहे. व्हॉल्व्ह तापून लांबतो तेव्हा त्याला जागा हवी. तू ती जागाच काढून घेतलीस. आता तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, केसभर उघडा राहतो. कॉम्प्रेशन तिथून निसटतं, म्हणून पिकअप नाही, म्हणून तापल्यावर गाडी उचलत नाही. आणि सायलेन्सरकडचा व्हॉल्व्ह तर आपली उष्णता सीटला टेकून असतानाच सोडत असतो. तो टेकलाच नाही तर कडेने जळतो. बारीक टिकटिक करणारी गाडी मला आवडते, व्हॉल्व्ह बंद होतायत याची ती पावतीच असते.

बुलेटवाले तुला सांगतील की आमच्याकडे फट ठेवतच नाहीत. जुन्या गाड्यांपुरतं खरं आहे. जुन्या बिडाच्या इंजिनात पुशरॉड बोटाने सहज फिरेल पण वर-खाली हलणार नाही असा लावतात, आणि नंतरच्या इंजिनात तर हायड्रॉलिक टॅपेट आले, ते स्वतःच फट भरून घेतात. त्यांचं गणित वेगळं, ते तुझ्या गाडीला लावू नकोस.

व्हिडिओत बहुतेक तीन गोष्टी राहिल्या असतील. टॅपेट इंजिन पूर्ण गार असताना लावतात, तू कॉलेजातून येऊन लगेच खोललं असशील. मॅग्नेटवरची टी खूण जुळवून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या फेरीवरच लावतात. ती खूण दोन फेऱ्यांत दोनदा जुळते, कारण रॉकर हलवणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, आणि त्यातली एकच फेरी आपल्या कामाची. बोटाने दोन्ही रॉकर हलवून बघायचे, दोन्ही किंचित हलले तर बरोबर फेरी. आणि फट मोजायची फीलरची पत्ती आत असतानाच नट कसायचं, कारण नट कसताना स्क्रू थोडा फिरतोच. पत्ती ओढताना जुन्या वहीचं पान ओढल्यासारखं किंचित अडायला हवं.

आणखी चालवू नकोस. आठवडाभरच झाला असेल तर व्हॉल्व्ह बहुधा वाचला असेल. शनिवारी रात्री गाडी ढकलत का होईना गॅरेजसमोर आणून लाव आणि किल्ली शेजारच्या पानवाल्याकडे दे. रविवारी सकाळी सातला ये, पाना तुझ्या हातात देईन, पत्ती मी धरतो.